एकट्याची गाडी, कोकणची वाट

पावसाळा सरला की कोकणातल्या रस्त्यांची खरी तब्येत कळते. जून ते सप्टेंबर खड्डे पाण्याखाली असतात. ऑक्टोबरात पाणी आटते. जिथे डांबर शिल्लक आहे तिथे त्याच्या कडा धारदार होऊन वर येतात आणि जिथे नाही तिथे लाल माती नि मोकळी खडी. याच दिवसांत भात कापणीला आलेले असते, समुद्र निवळलेला असतो आणि गावाकडचे फोन वाढतात. "येणार कधी?" मुंब्रा, कुर्ला, पनवेल, तळोजा इथे राहणाऱ्या कोकणी घरांना या प्रश्नाची सवय आहे.

आम्हाला तो फुफीकडून येतो. आम्ही दोघे चुलतभाऊ, पनवेलला एकाच गल्लीत राहतो. आमच्या वडिलांची ही एकटी हयात असलेली बहीण गुहागर तालुक्यात खाडीच्या पलीकडे राहते. वय ७८. मुलगा कुवेतला, घरात सून आणि दोन नातवंडे. तिला आता प्रवास झेपत नाही, म्हणून भेट व्हायची तर आम्हीच जायचे. एसटीने गेले तर चिपळूणला गाडी बदलावी लागते आणि शेवटच्या टप्प्यात दोन तास वाट पाहणे ठरलेले. आमच्याकडे चारचाकी नाही. मोटारसायकली मात्र दोन आहेत.

अडचण होती ती धाकट्याच्या कंबरेची. मणक्यातली चकती थोडी सरकलेली. हाडांच्या डॉक्टरांनी औषधे दिली, व्यायाम दिले आणि सांगितले, "गाडी चालवायला हरकत नाही, पण धक्के टाळा." कोकणात जाणाऱ्या माणसाला धक्के टाळा म्हणणे म्हणजे पावसात जा पण भिजू नका म्हणण्यासारखेच. (ज्यांना डॉक्टरांनी दुचाकी सरळ बंदच केली आहे त्यांनी ते ऐकावे. पुढचे काही त्यांच्यासाठी नाही.) घरात बोलणे असे झाले की या वर्षी थोरल्याने एकट्यानेच जाऊन यावे. फुफीला फोनवर हे सांगायची हिंमत मात्र कोणाची होईना.

थोरल्याच्या मागे बसून जाण्याचाही विचार झाला. तो आम्ही लगेच सोडला. मागे बसणारा जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर बसतो, त्यामुळे प्रत्येक खड्डा त्याला चालवणाऱ्यापेक्षा जास्त लागतो. शिवाय त्याला खड्डा येताना दिसत नाही, म्हणून शरीर सावरायलाही वेळ मिळत नाही. तेव्हा ठरले ते असे : दोन गाड्या, दोघे एकेकटे, आणि निघण्यापूर्वी दोन्ही गाड्यांचे शॉकअप एकट्या माणसासाठी लावून घ्यायचे.

हे शेवटचे वाक्य पुष्कळ घरांत कोणी म्हणत नाही. आपल्याकडे मोटारसायकल ही एका माणसाची वस्तू नसते. सकाळी ती नोकरीवर जाते, दुपारी मुलीला शाळेतून आणते, रविवारी तिच्यावर नवरा, बायको, पुढे टाकीवर मूल आणि हँडलला बाजाराच्या पिशव्या असतात. ईदच्या आधल्या दिवसाचे तर विचारूच नका. म्हणून घरातला कोणी किंवा गॅरेजवाला मागचे शॉकअप एकदा कडक करून देतो, आणि एवढ्या ओझ्यासाठी ते बरोबरच असते. मात्र तीच गाडी घेऊन साठ किलोचा माणूस एकटा खडीच्या रस्त्यावर निघाला की गाडी त्याला चेंडूसारखी उडवते. दोष गाडीत नसतो आणि माणसातही नसतो. गाडी अजून चौघांची वाट पाहत असते, एवढेच.

मागच्या शॉकअपच्या तळाशी नीट पाहिले तर स्प्रिंगखाली एक रिंग दिसते, तिच्या कडेला जिन्यासारख्या खाचा. स्प्लेंडर, पल्सर १५० अशा आपल्या रोजच्या गाड्यांना या पाच पायऱ्या असतात. टूलकिटमध्ये अर्धचंद्राच्या आकाराचा एक पाना येतो, बरेच जण तो कशासाठी आहे हे न विचारताच हरवून टाकतात. तो रिंगमध्ये अडकवून फिरवला की रिंग एक पायरी वर चढते किंवा खाली उतरते. वर चढली की स्प्रिंग आधीपासूनच थोडी दाबून ठेवली जाते, खाली उतरली की मोकळी होते.

इथे एक समज दूर केला पाहिजे. रिंग फिरवल्याने स्प्रिंग बदलत नाही, ती आहे तेवढ्याच ताकदीची राहते. बदलते ते हे, की माणूस बसल्यावर गाडी किती खाली बसते. आणि सगळी गंमत त्या बसण्यातच आहे. चाकाला वर यायला जागा हवी, हे सगळ्यांना कळते, कारण उंचवटा आला की चाक वर येते. पण चाकाला खाली जायलाही जागा हवी, हे लक्षात येत नाही. खड्डा आला की चाकाने खाली उतरून तळाला पाय टेकवायचा असतो आणि गाडी आपल्या उंचीवर चालत राहायची असते. गाडी बसलीच नसेल, शॉकअप आधीच पूर्ण लांब उभा असेल, तर चाक खाली जाऊ शकत नाही. मग चाकाबरोबर गाडीच खाली पडते, गाडीबरोबर आपण, आणि पाठोपाठ खड्ड्याची पलीकडची कड आपल्याला वर फेकते. कंबर मोडते ती या दोन झटक्यांच्या मधे.

म्हणून जाणकारांचा ठोकताळा असा आहे की शॉकअपची जेवढी हालचाल आहे तिचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा माणूस बसल्याबरोबर खर्ची पडावा. उरलेला भाग उंचवट्यांसाठी, आणि हा खर्ची पडलेला भाग खड्ड्यांसाठी.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही हे गल्लीतच मोजले. तीन माणसे आणि शिवणकामाची टेप, एवढेच लागते. गाडी मधल्या स्टँडवर लावली की मागचे चाक अधांतरी लटकते आणि शॉकअप पूर्ण लांब होतो. मागच्या चाकाच्या धुरीपासून सरळ वर, सीटखालच्या पत्र्यावर खडूची एक खूण केली आणि अंतर मोजले. धाकट्याच्या गाडीचे भरले ३६० मिलिमीटर. मग गाडी स्टँडवरून उतरवली, कोणी न बसता सरळ उभी धरली, दोन-तीनदा दाबून सोडली आणि पुन्हा मोजले : ३५७. मग तो स्वतः, हेल्मेट घालून, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसला, थोरल्याने पुढून हँडल धरले, आणि मुलीने टेप लावली : ३४५. मुलगी सातवीत आहे. वहीत आकडे तिनेच मांडले, वजाबाक्याही तिच्याच.

म्हणजे माणूस बसल्यावर गाडी १५ मिलिमीटर बसली. शॉकअपची हालचाल ८० मिलिमीटर धरली तर हा पाचव्या हिश्श्याहूनही कमी. रिंग चौथ्या पायरीवर होती, घरच्या ओझ्यासाठी. ती दुसऱ्या पायरीवर आणली आणि पुन्हा मोजले तेव्हा फरक २५ मिलिमीटर आला. जवळजवळ तिसरा हिस्सा. आम्हाला हवे होते ते हेच.

थोरल्याच्या गाडीचा हिशेब उलटा निघाला. त्याचे वजन ९२ किलो, गाडी दुसऱ्या पायरीवर, जशी दुकानातून मिळाली तशी. तो बसला की गाडी ३३ मिलिमीटर खाली जात होती. एकटा असूनही तो त्या स्प्रिंगला दीड माणूस होता. त्याची तक्रारही वेगळी असायची : उडवत नाही, पण मोठ्या खड्ड्यात खालून 'ठक्' असा आवाज येतो आणि तो थेट मानेत जातो. तो आवाज शॉकअप पूर्ण दाबून तळाच्या रबरावर आदळल्याचा. त्याची रिंग दुसऱ्या पायरीवरून चौथ्या पायरीवर गेली.

"म्हणजे तुम्ही एकमेकांचे नंबर बदलून घेतले," मुलगी म्हणाली. तसेच झाले होते. मऊ म्हणजे आरामदायी, असे सरसकट धरून चालत नाही. बारीक माणसाला मऊ केल्याने आराम पडतो, जाड माणसाला कडक केल्याने.

दारात उभ्या असलेल्या भाबींनी विचारले, "आणि रविवारी आम्ही बसलो की?"

"तेव्हा पुन्हा चौथी. दोन मिनिटांचे काम आहे."

कामाला दोनच मिनिटे लागतात, पण दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली : रिंगभोवतीचा चिखल धुऊन थोडे तेल सोडल्याशिवाय पाना लावू नये, नाहीतर पाना निसटतो आणि बोटे सोलतात. दुसरी जास्त महत्त्वाची : डावी आणि उजवी रिंग एकाच पायरीवर असली पाहिजे. एक बाजू दुसरीवर आणि एक चौथीवर राहिली तर वळणावर गाडी वाकडी वागते आणि चालवणाऱ्याला कारण सापडत नाही. मोजून, हाताने चाचपून, दोन्हीकडे सारखे आहे याची खात्री करावी. रिंग बदलल्यावर चेनची ढिलाईही पाहावी. मागचा भाग खालीवर झाला की चेनचा ताण बदलतो.

पुढच्या शॉकअपला आपल्या गाड्यांत अशी रिंग नसते. तिथे आत तेल असते आणि ते तेल जुने होते. ते पाणचट झाले की ब्रेक मारल्यावर गाडी नाक खुपसते आणि खड्ड्यातून बाहेर आल्यावर डुलत राहते. दोन्ही नळ्यांतले तेल आम्ही गल्लीच्या टोकाच्या उस्तादांकडून बदलून घेतले होते, दोन्हीकडे मापून सारखे. परीक्षा सोपी आहे : पुढचा ब्रेक दाबून हँडल जोराने खाली दाबायचे आणि सोडायचे. पुढचा भाग एकदा वर येऊन थांबला तर ठीक. पाळण्यासारखा दोन-तीनदा हलला तर तेल संपले समजा. नळीवर तेलाचा ओला पट्टा दिसला तर सील गेले.

फजरनंतर निघालो. निघण्याआधी हवा पाहिली, कारण टायर थंड असतानाच हवेचा खरा आकडा कळतो. बहुतेक गाड्यांच्या चेनकव्हरवर किंवा पुस्तिकेत मागच्या टायरचे दोन आकडे असतात, एकट्यासाठी एक आणि दोघांसाठी दुसरा. पंपावरचा मुलगा न विचारता दोघांचा आकडा भरतो, कधी त्याहूनही वर. दगडासारख्या टायरवर कोणतीही रिंग फिरवा, उपयोग नाही. खड्ड्याचा पहिला मार टायर खातो, शॉकअपची पाळी नंतर येते. मात्र आरामाच्या लोभाने एकट्याच्या आकड्याहूनही खाली जाऊ नये. धारदार कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि रिमला खोक पडते.

पनवेल ते लोणेरे हा शंभर-सव्वाशे किलोमीटरचा मुंबई-गोवा महामार्ग. चौपदरीकरण २०११ पासून सुरू आहे, त्यावर इतके लिहून झाले आहे की आम्ही भर घालत नाही. दुचाकीवाल्याला त्यातले सांगण्यासारखे एवढेच, की हा रस्ता सलग वाईट नाही. दहा किलोमीटर गुळगुळीत काँक्रीट, मग एकदम वळवलेली वाट, खडी, धूळ, पुन्हा काँक्रीट. काँक्रीटचा पट्टा संपतो तिथे बऱ्याचदा दोन-तीन इंचांची पायरी असते, आणि वेगात आलेला माणूस ती पायरी चुकवू शकत नाही. माणगावच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो तेव्हा धाकट्याला विचारले, "कंबर?" तो म्हणाला, "कंबर ठीक आहे भाईजान, मनगटे दुखतात." हँडल घट्ट धरल्याने तसे होते. हात सैल हवेत, कोपरे किंचित वाकलेले. गाडीच्या पुढच्या भागाला हलू द्यायचे, आपण मात्र हलायचे नाही.

लोणेऱ्याहून महामार्ग सोडला आणि गोरेगावमार्गे आंबेतला आलो. आंबेत हे बॅरिस्टर अ. र. अंतुले यांचे गाव. १९८० ते १९८२ या काळात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आणि कुलाबा जिल्ह्याचे रायगड हे नाव झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत, १९८१ साली. आमच्या वडिलांच्या पिढीत या रस्त्यावर त्यांचे नाव निघाले नाही असा प्रवास होत नसे. आंबेतहून पूल ओलांडून सावित्रीच्या पलीकडे म्हाप्रळला उतरले की रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. खाडीचे पाणी गढूळ, दोन्ही काठांना खारफुटी, आणि म्हाप्रळच्या बाजूला मशिदीचा मिनार. तिथेच हातपाय धुतले, धूळ झाडली.

म्हाप्रळ ते मंडणगड चढाचा, वळणांचा रस्ता. इथे शॉकअपपेक्षा चालवणाऱ्याचे शहाणपण जास्त कामी येते. खड्डा दिसला की सगळे जण ब्रेक मारतात आणि ब्रेक मारलेल्या अवस्थेतच खड्ड्यात शिरतात. ब्रेक मारला की गाडीचे वजन पुढे सरकते आणि पुढचा शॉकअप अर्धाअधिक दाबला जातो. अशा दाबलेल्या शॉकअपला खड्ड्याच्या कडेने मारले तर त्याला आवरायला जागाच उरत नाही, धक्का सरळ हातांत येतो. ब्रेक खड्ड्याच्या आधी मारायचा, वेग कमी करायचा, आणि चाक खड्ड्यात जाताना ब्रेक सोडून द्यायचा. त्या क्षणी सीटवरून बोटभर उठायचे, वजन फूटरेस्टवर घ्यायचे. गुडघे हे अल्लाहने दिलेले शॉकअप आहेत, ते कंपनीच्या शॉकअपपेक्षा चांगले चालतात. कंबर दुखणाऱ्याने तर हे शिकावेच. मात्र जमिनीला खिळल्यासारखे ताठ उभे राहायचे नाही, नुसते सीटवरचे ओझे हलके करायचे.

मंडणगडहून सरळ दापोलीला जाता येते. आम्ही केळशीकडे वळलो, कारण समुद्र दाखवणारा रस्ता तोच. केळशीला याकूबबाबांचा दर्गा आहे. शिवाजी महाराजांनी या बाबांना मान देऊन दर्ग्यासाठी इनाम दिल्याचे इथे सगळेच सांगतात. माड, पोफळी, चिऱ्यांची कुंपणे आणि घराघरांतून येणारा नारळाच्या दुधाचा वास. केळशीहून आडे, पाडले करत आंजर्ल्यापर्यंतचा रस्ता समुद्राच्या कडेने जातो. कुठे उजवीकडे लाटा इतक्या जवळ की चष्म्यावर खारे थेंब येतात, डावीकडे जांभ्याचा काळपट लाल कडा.

या रस्त्याच्या एका कच्च्या तुकड्यावर लहानलहान लाटांसारख्या आडव्या वळ्या होत्या, कपडे धुण्याच्या फळीसारख्या. इथे प्रश्न मोठ्या खड्ड्याचा नसतो. लागोपाठ येणाऱ्या बारीक उंचवट्यांत शॉकअप एकदा दाबला गेला की परत लांब व्हायच्या आतच पुढचा उंचवटा येतो. तो वेळेत परत आला नाही तर हळूहळू दाबलेल्याच अवस्थेत राहतो आणि गाडी लाकडासारखी कडक लागू लागते. फार पटकन परत आला तर चाक उड्या मारते. ही परत येण्याची गती आतले तेल ठरवते. महागड्या गाड्यांत ती कमी-जास्त करायला वेगळा स्क्रू असतो, आपल्या गाड्यांत नसतो. आपल्या हातात फक्त वेग. ताशी वीसवर दात वाजत होते, तीस-पस्तीसवर बरेच शांत झाले. मोकळ्या खडीवर मात्र हा उपाय करू नये. तिथे सावकाशच बरे.

पिशव्यांचेही सांगायला हवे. थोरल्याने पाठीमागच्या कॅरिअरवर उंच बॅग बांधली होती. कॅरिअर चाकाच्या धुरीच्याही मागे असते, तिथे ठेवलेले आठ किलो शॉकअपला त्याहून जास्त वाटतात आणि पुढचे चाक हलके होते. आंजर्ल्याला ती बॅग सोडून जड सामान सीटवर, पाठीला टेकेल असे घेतले. एकट्याने जाण्याचा हा एक फायदा : मागची जागा रिकामी असते. आणि सामान पाठीला टेकले की कंबरेला आधार होतो, हे धाकट्याने लगेच ओळखले नि आपलेही तसेच बांधले.

हर्णैला सुवर्णदुर्ग समुद्रात तसाच उभा आहे. मासळीचा लिलाव संध्याकाळी असतो, त्याला थांबलो असतो तर खाडी ओलांडायला रात्र झाली असती. दापोलीहून दाभोळला उतरताना रस्ता बरा होता. उतारावर थोरल्याच्या गाडीचा तो 'ठक्' आवाज ऐकायची आम्ही दोघेही वाट पाहत होतो. दिवसभरात तो एकदाच आला, एका नव्याने खणलेल्या चरावर. त्याची हरकत नाही. आयुष्यात एकदाही तळाला न टेकणारा शॉकअप म्हणजे गरजेपेक्षा कडक लावलेला शॉकअप.

दाभोळला आलो की आम्ही दोघेही थोडे गप्प होतो. आता शांत, झोपाळू वाटणारे हे गाव बहमनी आणि आदिलशाही काळात पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. इथून जहाजे अरबस्तानला, इराणला जात, हजचे यात्रेकरू इथून निघत. पंधराव्या शतकातला रशियन व्यापारी अफनासी निकितिन भारतातून परतताना याच बंदरातून जहाजात बसला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी हे शहर जाळले. धक्क्याजवळ आदिलशाही काळातली ती सुंदर मशीद आहे, एक मोठा घुमट, चार कोपऱ्यांना चार मिनार. लोक तिला अंडा मशीद म्हणतात. काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर बसून धाकट्याने पाय लांब केले. नऊ तास झाले होते घर सोडून. तो वाकला, बोटांनी पायाचे अंगठे धरले, आणि काही बोलला नाही. आम्हाला तेवढे पुरेसे होते.

मग फेरीबोट. दाभोळहून वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे धोपाव्याला दुचाकी, मोटारी, बस, सगळे घेऊन ती जाते. बोटीवर गाडी मधल्या स्टँडवर लावू नये, हेलकाव्याने कलंडते. बाजूच्या स्टँडवर, गिअरमध्ये टाकून, हँडल वळवून, आणि शेजारी उभे राहून. पलीकडे अंजनवेलच्या बाजूला वीजप्रकल्प दिसतो. नाव दाभोळचे आणि जागा गुहागर तालुक्यातली, याचे बाहेरच्या माणसाला नेहमी नवल वाटते.

शेवटचे काही किलोमीटर अंधारात. मागचा भाग खाली बसला की हेडलाइट वर पाहू लागतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. थोरल्याची गाडी आता उंचावली होती, त्यामुळे त्याचा झोत उलट फार जवळ पडत होता. धोपाव्याला एका दुकानाच्या भिंतीसमोर उभे राहून दोन्ही दिवे स्क्रूने नीट केले. रिंग बदलली की दिवा पाहायचा, हे रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावे.

फुफी ओसरीवर बसली होती. आधी थोरल्याच्या, मग धाकट्याच्या डोक्यावरून हात फिरवला. धाकट्याचा हात मात्र सोडला नाही. "तुझी कंबर गेली असं सून म्हणाली. तरी आलास?"

"गेली नाही फुफी, जरा सरकली."

"मग बस खाली. सांदण केलंय."

दोन दिवस राहिलो. दोन्ही दिवस ती त्याला पाटावर न बसवता खुर्चीवर बसवत होती आणि आम्हाला पाटावर. कोणी कुठे जायचे, कोणाचे लग्न, कोणाच्या जमिनीचा दावा, वडिलांच्या लहानपणीचे चार किस्से, जे आम्ही दर वर्षी ऐकतो आणि जे दर वर्षी थोडे बदललेले असतात. निघायच्या दिवशी सकाळी ती अंगणात आली तेव्हा आम्ही गाड्यांपाशी पाना घेऊन बसलो होतो. परतीचा रस्ता चिपळूणहून, महामार्गाने, आणि परतीला आम्ही एकटे नव्हतो. नारळ होते, आमसुले होती, तांदळाचे पीठ, सुकट, आणि भाबींसाठी लोणच्याची बरणी. एकेका गाडीवर वीसेक किलो. म्हणून दोन्ही रिंगा एक पायरी वर : धाकट्याची तिसरीवर, थोरल्याची पाचवीवर.

"काय करताय?" फुफीने विचारले.

"तुझ्या नारळांसाठी गाडी घट्ट करतोय."

ती आत गेली आणि आणखी एक पोते घेऊन सून बाहेर आली. पाचवीच्या वर पायरी नसते, हे तिला समजावण्यात पाव तास गेला. शेवटी ते पोते शेजारच्या मुलाच्या नावे ठेवले, तो पुढच्या आठवड्यात मोटारीने पनवेलला येणार होता.

रविवारी सकाळी धाकट्याची रिंग पुन्हा चौथीवर गेली. बाजारात जायचे होते.